टेम्पो एक, कापूस तिघांचा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं ते आपलं रीतीपुरतं. खरं पाहिलं तर माझा रंग आता ताकासारखा झाला आहे. डाव्या कोपऱ्यात कुणा शहाण्याने न पुसता येणाऱ्या मार्करने लिहिलेला फोन नंबर आहे, तो जन्मभराचा चिकटला. माझा मुक्काम सेलूत, हेमा मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये असतो.

परभणीच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. भुशाच्या पाटीवर गुळगुळीत पत्रा चिकटवला, कडेने पट्ट्या ठोकल्या, की झालो मी तयार. सुरुवातीला दहावीच्या शिकवणीत बीजगणित सोसलं. मग हेमा मॅडमनी मला आणलं आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. मॅडम प्रोग्रामची रचना शिकवायच्या. त्या माझ्यावर चौकोन काढून म्हणायच्या, "एक चौकोन म्हणजे एक वस्तू. तिची माहिती तिच्याजवळ, तिची कामं तिच्याकडे. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही." पोरं हसायची, पण वहीत चौकोन काढून घ्यायची. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. नव्या पोरांना शिकायला काय कमी आहे? मोबाईलवर व्हिडिओ, जाडजूड पुस्तकांच्या फाईली, घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रं. मी कपाटामागून सगळं ऐकत असे. प्रत्येक व्हिडिओत उदाहरण म्हणून कुत्रा भुंकायचा आणि मांजर म्याव करायचं, म्हणजे म्हणे वस्तूंची रचना समजते! पोरं व्याख्या धडाधडा पाठ म्हणायची. सेलूच्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, वजनकाटा मात्र कुठल्याच व्हिडिओत नव्हता.

या पोरांत भक्ती होती. पेडगावहून रोज रेल्वेने यायची. हुशार, पण हात डोक्याच्या पुढे धावणारे. काही सांगायचा अवकाश, की हिची बोटं कीबोर्डवर. गावाबाहेरच्या जिनिंगच्या किशनरावांनी तिला काम दिलं होतं. कापसाची गाडी काट्यावर आली, की वजन घेऊन शेतकऱ्याच्या नावाची काटापट्टी छापणारा प्रोग्राम तिने करायचा. तिचं आयुष्यातलं पहिलं काम. दसऱ्याला कापूस खरेदीचा मुहूर्त होता आणि त्या दिवशी हा प्रोग्राम चालायचा होता.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. क्लासमध्ये सगळे कॉम्प्युटर पुसले, त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. भक्तीने आपला लॅपटॉपही पाटावर मांडला. कपाटामागच्या मला कुणीच विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं राबलो, आणि बोटभर कुंकू नाही?

आरती होते न होते तोच किशनराव दारात. कपाळाला टिळा, आणि चेहरा असा की आता कुणाला तरी खातात.

"मॅडम, तुमच्या पोरीनं माझं नाक कापायचं ठरवलंय का?" ते म्हणाले. "काल सांजच्याला चाचणी घेतली. एक टेम्पो, त्यात तिघांचा कापूस. तीन नावं घातली. पट्टी निघाली एकाचीच! दोघं कुठं गेले?"

भक्तीचा चेहरा उतरला. "काका, मी कालच दुरुस्त केलं की."

"दुरुस्त? दुसरं नाव घातलं की पहिलं जायलंय. तिसरं घातलं की वजन जायलंय. उद्या साऱ्या तालुक्यासमोर एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर पडला, तर माझ्या फाटकात कोण गाडी घालंल?"

ते थांबले, मग हळू आवाजात म्हणाले, "उद्या मुहूर्ताला चाललं तर ठीक. न्हाई तर हातानं पट्ट्या लिहू. अन् पोरी, मग तू यायची गरज न्हाई."

असं बोलणं ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. जिनिंगवाल्यांत बातमी फिरायला वेळ लागत नाही. पुढच्या वेळी या पोरीला कुणी काट्याजवळ उभं केलं नसतं. भक्तीने झटकन पाटावरचा लॅपटॉप ओढायला हात घातला.

"अगं ए!" किशनराव कडाडले. "पूजलेलं हत्यार हाय ते! उद्या सकाळपस्तोर हात लावायचा न्हाई. माझ्या जिनिंगच्या मशिनी बंद हायत आज."

"मग दुरुस्त कशी करू?" भक्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमीच म्हणता उद्या पाहिजे, तुमीच म्हणता हात लावू नको."

हेमा मॅडम खोलीभर बघत फिरल्या आणि कपाटापाशी थांबल्या. त्यांनी मला खेचून बाहेर काढलं. माझ्यावरची धूळ त्यांच्या पदरावर गेली.

"याला कुंकू लावायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

किशनरावांनी वाकून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. धर्मसंकटच होतं ते. शेवटी म्हणाले, "न्हाई लावलं, तर मग चालतंय."

ज्या दुर्लक्षाने मी सकाळी हिरमुसलो होतो, त्यानेच मला कामाला लावलं. भिंतीला टेकवताच मॅडमनी माझ्या खाचेत पडलेला, वाळत आलेला मार्कर झटकला.

भक्तीने घाईने दोन चौकोन काढले. एक गाडी, एक शेतकरी. गाडीच्या चौकोनात वजन लिहिलं, शेतकऱ्याच्या चौकोनात नाव. दोघांमध्ये एक रेघ ओढली. "हेच तर आहे प्रोग्राममध्ये," ती म्हणाली. "चुकतंय कुठं तेच कळंना."

"खेळ करू," मॅडम म्हणाल्या. "भक्ती, तू शेतकरी. किशनराव, तुम्ही गाडी. ज्याला जे ठाऊक, तेवढंच त्याने सांगायचं."

"मी गाडी?" किशनराव गोंधळले. पण उभे राहिले बिचारे, दोन्ही हात समोर धरून, स्टिअरिंग पकडल्यासारखे.

"गाडी, तुझं रिकामं वजन किती?"

"ते मला ठावं हाय."

"तुझ्यातला कापूस कुणाचा किती?"

"मला काय ठावं? मी गाडी हाय! वर घातला, आणला."

"शेतकरी, तू सांग. या खेपेत तुझा किती?"

भक्ती बोलायला गेली आणि अडखळली. "मी दसऱ्याला आणते, दिवाळीलाही आणते. कधी या टेम्पोत, कधी त्या. कोणतं वजन कुठल्या खेपेचं, ते मी एकटी कसं सांगू?"

"मग वजन ठेवायचं कुणापाशी?"

भक्ती दोन चौकोनांमधल्या त्या रेघेकडे बघत राहिली. मार्करचं टोक तिने त्या रेघेवरून मागेपुढे फिरवलं. किशनराव अजून स्टिअरिंग धरून उभे होते.

"ढीग!" ती एकदम म्हणाली. "काका, तुमी भरलेला टेम्पो काट्यावर घेता. एकाचा कापूस उतरला की पुन्हा काट्यावर. दुसऱ्याचा उतरला की पुन्हा. दर वेळी जेवढं कमी झालं, तेवढा एकेकाचा ढीग. वजन गाडीचं न्हाई अन् शेतकऱ्याचंबी न्हाई. ढिगाचं हाय! अन् ढिगाचा चौकोनच मी काढला नव्हता."

तिने ती रेघ पुसली आणि तिथे तिसरा चौकोन काढला. एका गाडीत कितीही ढीग. प्रत्येक ढिगाला आपलं वजन आणि आपला धनी. पट्टी छापायची ती ढिगाची.

"आमच्याच घरचा कापूस शेजाऱ्यांच्या टेम्पोत जातो की वो," ती पुटपुटली. "अन् मी एक गाडी म्हंजे एक शेतकरी धरून बसले."

दुपारभर त्यांनी मला शंका विचारल्या. बैलगाडी आली तर? दोघे भाऊ एकाच नावाने आले तर? मार्कर अधूनमधून दगा द्यायचा, मग भक्ती त्याला तोंडाची वाफ द्यायची. पण रचना उभी राहिली. उद्या टाइप करताना ती हातून सुटेल की काय, या धास्तीने भक्ती मला पुसूच देईना. दसऱ्याच्या पहाटे पूजा उचलताच तिने लॅपटॉप काखेत मारला, मला रिक्षात आडवं घातलं आणि जिनिंग गाठली.

काट्याच्या खोलीत मी खुर्चीवर उभा, ती समोर टाइप करतेय, आणि बाहेर फाटकावर गाड्यांची रांग वाढतेय. हॉर्न वाजायला लागले. किशनराव दर थोड्या वेळाने खिडकीत डोकावत. भक्ती त्यांच्याकडे मान न वळवता माझ्याकडे बघायची आणि पुढची ओळ लिहायची. आता जुन्या प्रोग्रामसारखी ठिगळांवर ठिगळं नव्हती. तरी माझा जीव टांगणीला लागला होता. चौकोन चुकला असेल तर?

पहिली गाडी आत आली, आणि नेमका तो भाड्याचा टेम्पो. त्यात बन्सीधर, बालाजी आणि चांगुणाबाई अशा तिघांचा कापूस. चांगुणाबाईंचा वाटा सगळ्यांत लहान. टेम्पो काट्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला. शेवटी भक्तीने बटण दाबलं. छपाईचं यंत्र जरा घरघरलं. मग एक पट्टी आली. दुसरी आली. आणि तिसरीही आली.

किशनरावांनी तिन्ही पट्ट्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. "जमलं की पोरी," एवढंच म्हणाले. भक्ती खुर्चीत मागे रेलली आणि रडली. मीही रडलो असतो, पण फळ्याला ते जमत नाही.

मग मुहूर्ताचा मान. रिवाजाप्रमाणे पहिल्या गाडीच्या धन्याला टॉवेल, टोपी आणि नारळ. किशनरावांनी ताट उचललं आणि पहिली पट्टी ज्यांची निघाली, त्या बन्सीधरांसमोर ते उभे राहिले. बन्सीधरांनी टोपी घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चांगुणाबाई पुढे आल्या. आपली पट्टी उंच धरून त्यांनी विचारलं,

"मालक, ह्याच्यावर माझं नाव हाय ना?"

"हाय की."

"मग माझा नारळ कुठाय?"

किशनरावांनी ताटाकडे पाहिलं. ताटात काहीच उरलं नव्हतं. त्यांनीही एक गाडी म्हणजे एक शेतकरी धरून, एकच नारळ आणला होता. ते भक्तीकडे वळले. मग ते खजील होऊन हसले आणि त्यांनी गडी बाजारात पिटाळला. दोन नारळ, दोन टॉवेल आणि बालाजींची टोपी येईपर्यंत दसऱ्याचा मुहूर्त थांबला, रांग थांबली, आणि चांगुणाबाई काट्याशेजारी ताठ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, शिकायला व्हिडिओ बघा, पुस्तकं वाचा, मी काही त्यांच्यावर जळत नाही. पण बोटं चालवण्याआधी एखाद्या फळ्यासमोर उभे राहा. नसेल फळा, तर अंगणातल्या मातीत चौकोन काढा. ज्यांच्यासाठी काम करताय, त्यांना एकेक करून आठवा. कुणाचा चौकोन काढायचा राहिला तर नाही ना, हे विचारा. कारण जो चौकोन राहतो, तो चांगुणाबाईंसारखं एखादं माणूस असतं, आणि दर वेळी ते पुढे येऊन आपला नारळ मागेलच असं नाही.