राहीबाईची बर्फपेटी

मी एक जुनी, निळ्या रंगाची बर्फपेटी आहे. मित्रांनो, माझ्या झाकणाला मधोमध तडा गेला आहे, एक कडी तुटली आहे आणि एका कोपऱ्यातून पोटातला पांढरा थर्माकोल बाहेर आला आहे. अंगणातल्या कोंबड्या येता-जाता त्याला चोची मारतात. माझ्यासारखी मोडकी वस्तू बोलू लागली की लोकांना हसू येतं. हसा, पण माझं ऐकून घ्या.

माझा जन्म हैदराबादजवळच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं. आयुष्यभर गारवा सांभाळायचं काम नशिबी असलेली मी अशी आगीतून बाहेर पडले. निर्मल गावच्या एका आचाऱ्यानं मला विकत घेतलं. लग्नांत मी आइस्क्रीम घेऊन मांडवात बसायची. झाकण उघडलं की थंड वाफ वर यायची आणि मुलं टाळ्या पिटायची. पुढे त्या आचाऱ्यानं विजेवर गारवा करणारं मोठं कपाटासारखं यंत्र आणलं, आणि माझी रवानगी गच्चीवर, फाटक्या कनातींच्या ढिगात झाली. ऊन खाऊन खाऊन माझा निळा रंग उडाला. शेवटी एका भंगारवाल्यानं मला आदिलाबादला आणून टाकलं.

तिथं मला राहीबाई भेटली.

राहीबाई भोयांची. तिचा नवरा मोतीराम धरणात जाळं टाकायचा आणि ती आदिलाबादच्या बाजारात मासोळी विकायची. तिनं मला भंगारातून ओढून काढलं, आत हात घातला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं चांगली धडधाकट हाय व! इले काऊन भंगारात टाकलं?"

त्या एका वाक्यानं मी तिची झाले.

ते दिवस फार चांगले होते. सकाळी मोतीराम ओली मासोळी आणायचा. खाली बर्फाचा थर, वर मासोळी, पुन्हा बर्फ. गावातल्या राजकुमारच्या ऑटोत बसून आम्ही शहरात, बाजारात जायचो. शहरातला एक खानावळवाला रोज यायचा, माशाचा कल्ला उघडून लाल रंग पाहायचा आणि म्हणायचा, "राहीबाई, तुझी मासोळी म्हणजे आत्ता पाण्यातून काढल्यासारखी." राहीबाई माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायची, "हे सारं इचं काम हाय, भाऊ." घरी आल्यावर ती मला कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची आणि सावलीत पालथी घालायची.

मग हा उन्हाळा आला.

मित्रांनो, आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. धरण आटून मधोमध एक डबकं उरलं. आणि बर्फ मिळेनासा झाला. बर्फाच्या कारखान्याचे मालक उद्धवराव दारातच उभे राहू लागले.

"अर्धी लादी तरी फोडून द्या, उद्धवराव," राहीबाई म्हणाली.

"काऊन रोज रोज येतं, बाई? सारा बर्फ लग्नाच्या पंगतीले अन् रसवंतीले गेला. लाईट घडीघडी जाऊन राह्यली. मी कोठून आणू?"

"चुरा असन तं चुरा द्या. खाली सांडलेला."

"चुऱ्यालेबी गिऱ्हाईक हाय आता."

त्या दिवशी मी पहिल्यांदा बर्फाशिवाय बाजारात गेले. दुपारपर्यंत मासोळी मऊ पडली. खानावळवाल्यानं कल्ला उघडला, नाक आक्रसलं आणि सांगून टाकलं, "आणखी एकदा असं झालं ना, तर मी दुसरीकडून घेईन."

राहीबाई रडत बसली नाही. तिनं शीतपेयाच्या टाकून दिलेल्या बाटल्या गोळा केल्या. धुतल्या. गळ्यापाशी जागा ठेवून पाणी भरलं, कारण गोठलेलं पाणी फुगतं आणि बाटली फोडतं. तिच्या घरी फ्रीज नव्हता. म्हणून ज्यांच्या घरी होता त्यांच्या दारात ती उभी राहिली. कुणी एक बाटली ठेवून घेतली, कुणी दोन. बदल्यात ती मूठभर झिंगे देऊन यायची. बर्फ असा घराघरांत थोडा थोडा तयार होऊ लागला आणि माझ्या पोटात पुन्हा गारवा आला.

पण एके सकाळी, अशाच एका फ्रीजवाल्या घरी, बयनाबाईच्या ओट्यावर राहीबाईनं तिथं ठेवलेल्या बाटल्या बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. आतलं पाणी कोमट झालं होतं.

"माहेरचे माळकरी पाहुणे आले व," बयनाबाई खाली बघत म्हणाली. "मासोळीवालीच्या बाटल्या फ्रीजमधी दिसल्या तं काय म्हणतीन?"

"बाटलीत तं नुसतं पाणी हाय, बयनाबाई."

"मले कयते व. पण त्यायले कोण सांगन?"

राहीबाईनं बाटल्या उचलल्या आणि दुसरं दार गाठलं. 

अशातच तो दिवस उजाडला. मोतीराम डबक्यातून आला तो दोन्ही हातांनी जाळं ओढत. रोहू, कटला, वर काही जिवंत मरळ. कितीतरी दिवसांत एवढी मासोळी सापडली नव्हती. पण त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मासोळीच्या सोसायटीवाल्यायनं सांगतलं, पाणी लई कमी झालं. उद्यापासून जाळं बंद," तो म्हणाला. "हे शेवटची खेप हाय, राही. इची माती झाली तं पाऊस पडेपर्यंत चुलीवर काय ठेवशीन?"

"माती नाई होऊ देत मी," राहीबाई म्हणाली. सकाळपासून गावभर फिरून तिनं सगळ्या बाटल्या जमवल्या होत्या. बाटल्या चिरून, दगडानं ठेचून बर्फाचे खडे केले, माझ्या पोटात थर रचले, वर ओलं गोणपाट टाकलं. मी काठोकाठ भरले. मला आठवतं, मी तेव्हा स्वतःला बजावलं होतं, आज एक थेंबही वितळू द्यायचा नाही.

आम्ही राजकुमारच्या ऑटोतून निघालो. शहर अजून लांब होतं. रस्त्याकडेला तलावाचा गाळ काढायचं काम चालू होतं. अचानक बाया ओरडत रस्त्यावर आल्या. राजकुमारनं करकचून ब्रेक मारला.

एक बाई मातीत पडली होती. मनकर्णा तिचं नाव. डोळे उघडे, पण नजर कुठेच नव्हती. तोंडानं काहीतरी असंबद्ध पुटपुटत होती. एवढ्या उन्हात तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. कुणी तिच्या तोंडात पाणी ओतलं, ते गालावरून वाहून गेलं.

राहीबाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "तव्यावानी तापली व हे! अॅम्बुलन्स बोलावली का?"

"बोलावली, पण लांबून येऊन राह्यली," एक बाई रडत म्हणाली.

राहीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, ती नजर मी कधी विसरणार नाही. सारं घर त्या नजरेत होतं.

"मावशी, मासोळी जाईन तुमची," राजकुमार हळूच म्हणाला. "पाहा बापा, आखरी खेप हाय."

"इले धर अन् बाभळीखाली घे," राहीबाई म्हणाली. "अन् पेटी उतरव."

उतरवताना घाईत मी राजकुमारच्या हातून निसटले. दगडावर आदळले. झाकण तडकलं, कडी उडून गेली. राहीबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं माझ्या पोटातली मासोळी गोणपाटावर उपसून टाकली आणि ओंजळीओंजळीनं बर्फ काढू लागली. मनकर्णाच्या मानेखाली, काखेत, जांघेत. बायांनी पदर भिजवून तिच्या अंगावर टाकले आणि टोपल्यांनी वारा घातला. बर्फ वितळत होता, राहीबाई पुन्हा माझ्यात हात घालत होती. शेवटी माझ्या तळाशी नुसतं पाणी उरलं. तेही तिनं ओतलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी मनकर्णाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. राहीबाई ओरडली, "रडू नका, हवा घाला!" पण तिचाच आवाज फाटला होता.

मग मनकर्णाचे दात कडकड वाजले. तेवढ्यात अॅम्बुलन्स आली आणि तिला घेऊन गेली.

गोणपाटावरच्या मरळी तडफडायच्या थांबल्या होत्या. ऑटो शहरात पोचला तेव्हा मासोळीवर माशा घोंगावत होत्या. खानावळवाल्याला राहीबाईनं सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली, चुकचुकला, कल्ला दाबून पाहिला. "वाईट वाटतं, बाई. पण हे मी लोकांच्या ताटात कसं वाढू?" तो खोटं बोलत नव्हता. गावाबाहेर येऊन राहीबाईनं ती सारी मासोळी खड्ड्यात पुरली. तेव्हा मात्र ती रडली. माझ्या तुटक्या झाकणावर डोकं ठेवून, तोंडात पदर कोंबून.

घरी मोतीरामनं रिकामी पेटी पाहिली आणि त्याचा तोल सुटला. "आपलं मरण अन् दुसऱ्याचं जगणं, हाच धंदा कराचा का आता?" तो ओरडला. राहीबाई मला टेकून खाली बसली. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "वाचली का ते?"

"माहीत नाई."

मग तोही तिच्याशेजारी बसला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

खानावळवाला पुन्हा आला नाही. बाजारातल्या राहीबाईच्या जागेवर दुसरी बाई बसू लागली. मीही थंडी धरेनाशी झाले आणि अंगणात पडले. राहीबाई आणि मोतीराम फावडं-टोपलं घेऊन गाळाच्या कामाला जाऊ लागले.

एका संध्याकाळी मनकर्णा आमच्या दारात आली. वाळलेली, काठी टेकत. ती ओट्यावर बसली आणि राहीबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "मले कायच आठवत नाई, माय. कोण होतं, काय केलं, काईच नाई. फक्त मले थंडी वाजली, तेवढं आठवते. भर मे महिन्यात थंडी वाजली!"

राहीबाई हसली. कितीतरी दिवसांनी. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आता मनकर्णा सावरली आहे आणि त्या दोघी मला कामावर नेतात. फुटक्या झाकणावर ओलं पोतं टाकतात आणि माझ्यात सगळ्यांसाठी पिण्याचं पाणी ठेवतात. कुणाच्या फ्रीजमधली एखादी गोठलेली बाटली मिळाली, तर त्यात सोडतात. नाही मिळाली, तर पाणी दुपारीच तापतं आणि मी काहीच करू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. उन्हात कुणी कोसळलं तर भोवती उभे राहून बघत बसू नका. त्याला सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला. आणि तुमच्या घरी फ्रीज असेल, तर त्यात एक बाटली उन्हात राबणाऱ्या कुणासाठी गोठू द्या. थंडी मला बनवता येत नाही. ती कुणीतरी आणून माझ्या पोटात ठेवावी लागते.