दादाच्या विमानाचा होकार

दारासमोर चपलांचा एवढा खच पडला होता की धाकटीला सख्ख्या भावाच्या घरात शिरायला वाट मिळेना.

"अहो, सरका जरा! घरचं माणूस आहे!" असं दोनदा ओरडल्यावर कुठे ती दिवाणखान्यात पोचली. तिथे तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, खिडकीत बेकरीवाला आणि त्याची बायको. सगळ्यांच्या नजरा मधल्या टेबलाकडे. टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं आणि त्यावर दादाचं विमान.

धाकटी पन्नाशीला टेकली होती. दातांचा दवाखाना चालवत होती, भल्याभल्यांना तोंड उघडायला लावत होती. तरी या घरात ती धाकटीच. तिचा दादा गेल्या हिवाळ्यात गेला. रिमोटवर उडणारी कसरतीची विमानं हे त्याचं वेड. हे लाल-पांढरं विमान त्याचं सगळ्यात लाडकं. दोन्ही हात पसरावेत एवढे त्याचे पंख. तो ते आकाशात उलटं उडवायचा, कोलांट्या मारायला लावायचा, शेपटीवर उभं करायचा. धाकटीलाही त्यानंच शिकवलं होतं.

आता त्या विमानाशेजारी निरोपबाबा बसले होते. मेलेल्या माणसांचे निरोप आणतात म्हणून हे नाव.

"आत्मा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "वायू! विमान कशात उडतं? वायूत! मग आत्म्याला यायचं झालं तर तो कशात येईल? सायकलवर येईल का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे आता कुठे उमगायला लागलंय. सूक्ष्म लहरी! फ्रिक्वेन्सी जुळली की झालं! ही विमानातली बॅटरी आहे ना, हा त्यांचा श्वास. ताई, श्वास नीट चार्ज केलात ना?"

"हो, कालपासून लावलाय," टेबलाजवळ बसलेली वहिनी म्हणाली.

बाबांनी बॅटरी जोडली, डोळे मिटले. "आला असाल तर होकार द्या!"

शेपटीवरचं उभं पातं बारीक गुरगुरत उजवीकडे वळलं. उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही, असं ठरलेलं होतं. खोलीभर "आहाहा!" उठलं. बेकरीवाल्यानं टोपी काढली.

खरं सांगायचं तर धाकटीच्याही अंगावर काटा आला. पात्याला जोडलेली इवलीशी मोटर तिनं स्वतःच्या हातांनी बसवली होती. आत काय आहे, काय नाही, सगळं तिला ठाऊक होतं. तरी क्षणभर वाटलं, विचारावं का? दादा, शेवटी फार दुखलं का रे?

तेवढ्यात वहिनी विमानाकडे झुकली. "जेवलात का?"

हो.

"आणि डोळ्याचं ऑपरेशन? डॉक्टर पुन्हा म्हणताहेत. करू का?"

पातं डावीकडे गेलं. नाही.

धाकटीचे डोळे खाडकन उघडले. पुढचं काही तिच्या मनात यायच्या आत कोपऱ्यात कुणीतरी जोरात शिंकलं. बाबांचा शिष्य होता. गळ्यापासून पायापर्यंत जाडजूड शाल गुंडाळून, डोळे मिटून स्टुलावर बसलेला. त्याच्या शिंकेसरशी विमानाची उभी, आडवी, पंखांवरची, होती नव्हती ती सगळी पाती एकदम फडफडली.

"आत्म्याचा कंप!" बाबा गरजले.

धाकटीनं विमानाकडे पाहिलं, मग शिष्याच्या नाकाकडे. हा कसला आत्मा, शिंक शिष्याला आली की हा थरथरतो?

गर्दी पांगल्यावर तिनं वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं.

"वहिनी, तुझे डोळ्यांचे थेंब कुठायत?"

"बंद केले. बाबांनी पाणी दिलंय, ते घालते."

"वहिनी, काचबिंदू आहे तुला! जी नजर जाते ती परत येत नाही, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय."

"पण हे नको म्हणताहेत ना. तू आत्ता पाहिलंस की." वहिनीनं कप ठेवला तो ओट्याच्या कडेला. धाकटीनं तो पडता पडता पकडला. वहिनीला कड दिसलीच नव्हती.

"बरं, दादाचा रिमोट कुठाय?"

"तो होय? तो त्या शिष्याला दिला. पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा म्हणाला, साहेबांची आठवण म्हणून द्या. म्हटलं, विमान तर आपल्याकडेच आहे. नुसता रिमोट घेऊन काय करणार बिचारा!"

धाकटीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण वहिनी पुढे बोलायला लागली. "दर बैठकीला मी आधी तेवढंच विचारते बघ, जेवलात का. हे हो म्हणाले की घास गोड लागतो." ते ऐकून धाकटीनं तोंड मिटलं. नुसतं सांगून ही गाठ सुटणार नव्हती. वहिनीनं डोळ्यांनी पाहायला हवं होतं, तेही डोळे शाबूत आहेत तोवर.

पुढच्या बैठकीच्या दिवशी ती दुपारीच आली. वहिनी शेजारी गेली होती. दादानं शिकवल्याप्रमाणे, चुकून फिरून कुणाची बोटं कापू नयेत म्हणून, तिनं आधी विमानाचा पुढचा पंखा काढला आणि मगच बॅटरी जोडली. विमानाच्या पोटात काडेपेटीहून लहान रिसीव्हर असतो. त्याची जोडी एका वेळी एकाच रिमोटशी जुळते, मग तो फक्त त्याचंच ऐकतो. धाकटीनं स्वतःचा रिमोट काढला, रिसीव्हरचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. जुनी जोडी तुटली होती. तिनं पंखा परत बसवलाच नाही आणि रिमोट आपल्या भल्यामोठ्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी ती पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली.

"आलात का?" बाबांनी विचारलं.

विमान ढिम्म.

"आला असाल तर होकार द्या!"

काही नाही. बाबा खाकरले. कोपऱ्यातला शिष्यही खाकरला. शालीखाली मांजर अडकल्यासारखी खळबळ चालू झाली.

"आज आत्मा जरा थकलाय," बाबा म्हणाले. "लांबचा प्रवास."

"मी विचारू का?" धाकटी म्हणाली. "बहिणीचं ऐकेल कदाचित."

बाबांना वेळ हवाच होता. "विचारा, विचारा."

"दादा, वहिनीनं डोळ्याचं ऑपरेशन करावं का?"

पातं उजवीकडे वळलं. हो.

वहिनी ताठ झाली. बाबांनी शिष्याकडे पाहिलं, शिष्यानं खांदे उडवले.

"प्रश्न नीट पोचला नसेल," बाबा घाईघाईनं म्हणाले.

"मग सोपा विचारते. दादा, हे बाबा तुझेच निरोप सांगतात का?"

पातं डावीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा. मग पंखांवरची पाती अशी नाचायला लागली की बेकरीवाल्याची बायको फिस्सकन हसली.

"दुष्ट शक्ती!" बाबा उठून उभे राहिले. "या खोलीत कुणीतरी नास्तिक आहे!"

"आहे ना. मीच." धाकटीनं पिशवीतून रिमोट काढून टेबलावर ठेवला. "हो आणि नाही, दोन्ही मीच म्हटलं. दादानं नाही. वहिनी, तुला फसवलं त्याबद्दल माफ कर, पण दोन मिनिटांच्या वर फसवणार नव्हते."

ती सरळ कोपऱ्यात गेली आणि तिनं शाल ओढली. शिष्याच्या मांडीवर दादाचा रिमोट होता. त्याचे दोन्ही अंगठे अजून पाती हलवायच्या दांड्यांवर होते. बिचारा इमानदार! शेवटपर्यंत होकार देत होता.

वहिनी उठली, चाचपडत शिष्यापाशी गेली आणि तिनं त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"जेवलात का म्हणून मी विचारायचे," ती म्हणाली, "तेव्हा हो कोण म्हणायचं? तू?"

शिष्यानं मान खाली घातली. यावेळी त्याला ना उजवीकडे वळता आलं, ना डावीकडे.

बाबा सूक्ष्म लहरींबद्दल काहीतरी पुटपुटत दाराकडे सरकले. बाहेर चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात, तेव्हा ते अनवाणीच निघाले. मागोमाग शिष्य.

बेकरीवाला हिरमुसला होता. "मी पुढच्या वेळी आईचं शिवणयंत्र आणणार होतो. तिच्याशी बोलायला."

"त्याला रिमोट नसतो हो," धाकटी म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "आपलं माणूस गेलं की असं वाटतंच. त्या दिवशी पातं हललं तेव्हा मलासुद्धा वाटलं. वाटण्यात लाज नाही. पण वाटलं की थांबायचं आणि विचारायचं, हे हलतं कशानं? दुसऱ्या कुणी हलवलं तरी हलतं का? हे बघू दिलं नाही तर समजायचं, काहीतरी लपवलंय. आणि डोळ्याचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरला विचारायचं, विमानाला नाही."

त्या रात्री वहिनी खूप रडली. धाकटी शेजारी बसून राहिली, समजूत घालायच्या भानगडीत पडली नाही. सकाळी वहिनीनंच दवाखान्यात फोन केला.

ऑपरेशन झालं. कडेची जी नजर मधल्या काळात गेली ती गेलीच. बाबांच्या पाण्याची तेवढी किंमत वहिनीनं मोजली. उरलेली मात्र डॉक्टरांनी वाचवली.

थोडं बरं वाटल्यावर एका रविवारी धाकटी तिला गावाबाहेरच्या मैदानावर घेऊन गेली. वहिनी घडीच्या खुर्चीत, डोळ्यांवर काळा चष्मा. विमान गवतावरून धावलं, वर चढलं, उलटं झालं आणि तसंच पाठीवर त्यांच्या समोरून सूं करत गेलं. मग एक कोलांटी, मग दुसरी. वहिनी मान वर करून बघत होती.

"धाकटे, कोण उडवतंय?"

"मी."

"नक्की?"

"नक्की. मीच."

"मग त्या झाडापासून जरा लांब ठेव," वहिनी म्हणाली. "ह्यांचीसुद्धा दोन तिथंच अडकली होती."