सोमवारी माप, गुरुवारी दार

"बाई, जरा बाजूला व्हा. हे दार माझ्या ओळखीचं आहे, अंगावर येतं."

नर्सबाई बाजूला झाल्या. रिटायर झाल्यापासून त्या एकट्याच राहत, आणि घरी कुणीही आलं, अगदी सुतार आला तरी, आधी नाडी बघितल्यासारख्या त्याच्या तोंडाकडे बघत. "मागच्या खेपेला तासून गेलात, तेव्हा चार दिवस बरं लागलं. मग पुन्हा तेच. तुम्ही दुरुस्ती करता की त्याची समजूत काढता?"

"समजूतच," रंधाकाका म्हणाले. "दुरुस्त होण्यातलं नाही ते."

खांद्यावरच्या पिशवीत कायम लाकूड तासायचा रंधा असायचा, म्हणून त्यांना सगळे रंधाकाका म्हणत. आज ती पिशवी त्यांच्या पुतणीच्या खांद्यावर होती.

दार तिच्या वडिलांनी केलेलं होतं. वडील म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. 'सोमवारी माप, गुरुवारी दार' अशी त्यांच्या कारखान्यावर पाटी होती, आणि माणूस शब्दाचा पक्का होता. गुरुवार कधी चुकला नाही. चुकलं ते लाकूड. काल-परवापर्यंत झाड म्हणून उभं असलेलं लाकूड चिरायचं, रंग फासायचा आणि चौकटीत बसवून मोकळं व्हायचं. ओलं लाकूड पहिले काही महिने नव्या भाडेकरूसारखं फार गुणी असतं. तेवढ्या महिन्यांत धाकट्यांचा सत्कार झाला, फोटो छापून आला, आणि तरुणांनी झटपट पुढे कसं यावं यावर त्यांची भाषणं झाली. ती ऐकून काही तरुण खरोखर पुढे गेले. कुठे गेले ते कळलं नाही.

मग हवा कोरडी झाली. वाळायला जो वेळ लाकडाला दिला नव्हता, तो त्याने लोकांच्या घरांत घेतला. दारं आखडली, पिळवटली, आणि भर दुपारी सामसूम घरात फाटकन तडकायला लागली. फोन सुरू झाले. धाकटे प्रत्येकाला "गुरुवारी येतो" म्हणत राहिले आणि एका दुपारी कारखान्यातच, बसल्या जागी गेले.

माणसं भेटायला आली, बाहेरच्या खोलीत खाली मान घालून बसली, आणि मधलं दार असं तडकलं की सगळे ताडकन उभे राहिले. धाकट्यांच्या पत्नी तेवढ्या उठल्या नाहीत. "आले," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून काका शहरभर भावाची दारं तासत फिरत. हवा दमट झाली की ती फुगत, कोरडी झाली की बोलत. दोन्ही वेळा लोक काकांनाच बोलावत.

काकांचं स्वतःचं मात्र उलटं. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी उत्तम फळ्या रचून ठेवल्या होत्या. त्यातून आपलं दुकान उभं करायचं होतं. "अजून थोडं वाळू दे," म्हणता म्हणता डोक्याचे केस पांढरे झाले. काकू येईल त्याला सांगत, "लग्न ठरल्यावर मलाही असंच वाळत टाकलं होतं यांनी. माझ्या बापाने दम दिला म्हणून उचललं."

पुतणीने नुकतंच वर्कशॉप काढलं होतं, आणि पहिल्याच झटक्यात तिला एका नव्या शाळेच्या सगळ्या दारांचं काम मिळालं होतं. शाळेच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली. फळ्या कालच येऊन पडल्या होत्या. हात ठेवला तर तळवा गार पडत होता. उद्या सकाळी कामगार करवत लावणार होते. काकांनी बिजागऱ्या बसवायला यावं, असं सांगायला ती आली होती. काका म्हणाले होते, "येतो. आधी एका दारावर चल."

"मला इथे का आणलंत ते कळतंय हं मला," ती आता हळूच म्हणाली.

"पिशवी जड आहे म्हणून."

"काका, लाकूड ओलं आहे हे दिसतं मला. पण थांबायला देतंय कोण? आज नाही म्हटलं तर उद्या कोण विचारणार मला? माझ्या मैत्रिणीने वर्षाच्या आत दुसरी शाखा काढली."

"चांगलं झालं."

"तुमच्यासारखी वाट बघत बसले तर म्हातारी होईन मी."

"तेही खरंच," काका म्हणाले. त्यांना लागलं, पण रंधा चालवणाऱ्या माणसाला लागलेलं दिसत नाही.

नर्सबाईंनी चहा आणला. "तुझे वडील स्वतः आले होते गं दारं बसवायला. उभ्या उभ्याच चहा घेतला. 'बाई, माझ्या हयातीत दाराकडे बघावं लागणार नाही तुम्हाला,' म्हणाले. तेवढं खरं निघालं. त्यांच्या हयातीत मला बघावं लागलं नाही."

पुतणी हसली. कपाकडे हात नेला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीचं बंद दार तडकलं.

"काय बाबा?" ती म्हणाली.

नर्सबाईंनी उठून उगीचच पंखा बंद केला. काकांनी रंधा खाली ठेवला.

"कारखान्यात असंच करायचे ते," पुतणीचे कान लाल झाले होते. "टेबलावर हात आपटून बोलवायचे मला. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही ना."

"मीसुद्धा विचारते कधीकधी, 'कोण आहे?' म्हणून," नर्सबाई म्हणाल्या. "एकटीच्या घरात बरं नसतं ते."

पुतणी त्या बंद दाराजवळ गेली. फळीला नवी, अंगठ्याच्या नखाएवढी चीर गेली होती. तिने चिरेवरून बोट फिरवलं. शाळेच्या प्रत्येक वर्गाला एक दार, आणि प्रत्येक दाराआड मुलं. मग ती बाल्कनीत गेली आणि तिने फोन लावला. आत फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"सर, उद्घाटनाला दारं होणार नाहीत... नाही, माणसं आहेत. लाकूड ओलं आहे... हो, रंग लावला की दिसत नाही. म्हणूनच सांगतेय... नाही सर, महिन्याभरात नाही, वर्ष तरी... हो. समजलं. ठीक आहे सर."

ती आत आली.

"काय म्हणाले?"

"शुभेच्छा दिल्या."

चहाला साय धरली होती. तिने तो तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून फळ्या रचल्या. खेळती हवा राहावी म्हणून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घातल्या. कामगारांपैकी एकाने दुसरीकडे काम धरलं. दुसऱ्याने 'विचार करून सांगतो' म्हटलं, म्हणजे त्यानेही धरलं.

"आता वर्षभर काय करशील?" काकांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर दारं तासेन. निम्मी माझ्याच बापाची आहेत."

काका थोडा वेळ पट्ट्या सारख्या करत राहिले. "माझ्या शेडमधल्या फळ्या घेऊन ये. दोन-चार दारं होतील. तेवढीच कर, पण कर."

"वाळल्या?"

"कधीच्याच," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी काकूंसमोरही कधी उच्चारलं नव्हतं.

दुपारी काका कोपऱ्यावरून चहा घेऊन परत आले. वर्कशॉपमधली मशीन बंद होती. पुतणी रचलेल्या फळ्यांना पाठ टेकून स्टुलावर बसली होती. मान एका बाजूला कललेली, दोन्ही हात मांडीवर उताणे.

तिच्या वडिलांचे हात कधी असे नसत. बोलताना, जेवताना, झोपेतसुद्धा ते कशाचं तरी माप घेत असत. ते मांडीवर असे पडलेले काकांनी एकदाच पाहिले होते.

"अगं!" ते ओरडले. जन्मात कधी नव्हे ती घाई करून ते पुढे झाले, आणि गरम चहा त्यांच्या मनगटावर सांडला.

ती दचकून वळली. "काय झालं काका?"

"काही नाही."

"अहो, भाजलं ना! मी ऐकत बसले होते. या फळ्यांचा काही आवाज येतो का बघत होते."

"येतो?"

"नाही."

ती फडकं आणायला उठू लागली. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खाली बसवलं, आणि खांदा गरम लागेपर्यंत तो हात तिथेच ठेवला.

"बस तू," ते म्हणाले. "निवांत बस."