शेवटची वाफ

आयली कांगासने ऑपरेशनला नाही म्हणायचं ठरवलं होतं.

छातीतली महाधमनी हृदयातून निघते तिथेच फुगली होती. सर्जनबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. अशी धमनी दुखत नाही, फुगल्याचं कळतही नाही. पण फाटली तर बरेच जण इस्पितळापर्यंत पोचत नाहीत. त्याआधी फुगलेला भाग काढून कापडी नळी शिवली, तर बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. आयलीला हे पटलं होतं. अडलं ते पुढे. धमनी वळते त्या कमानीजवळ टाके घालताना शरीर अगदी गार करतात आणि काही मिनिटं रक्ताचं फिरणंही थांबवतात.

"त्या वेळात मी कुठे असते?" तिने विचारलं होतं. बाईंना प्रश्नच कळला नव्हता.

तिचे वडील आणि आत्या, दोघेही वेगवेगळ्या हिवाळ्यांत, वाफेनंतरची बुडी मारून तळ्यावरच्या बर्फात पाडलेल्या भोकातून वर येताना, शिडीवरच गेले. गार पाण्याने नेलं, असं गाव म्हणे. बाईंच्या मते दोघांचीही धमनीच फाटली असावी. भावानेही तपासून घ्यावं, असं त्या म्हणाल्या होत्या. धाकट्या रेइनोने ते हसण्यावारी नेलं.

शनिवारी रेइनोने तळ्याकाठची सौना, वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवली. आयलीला कडक वाफ आणि बर्फाचं पाणी दोन्ही बंद होतं. ती बाहेरच्या खोलीत कॉफीचा कप धरून बसली. रेइनो बर्फात बुडी मारून लालबुंद होऊन आला. रुसलेल्या वरमाईसारखी काय बसलीस, म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे त्याने तापल्या दगडांवर शेवटचं पाणी ओतलं आणि बाहेर येऊन दार लावलं. ही वाफ घरातल्या गेलेल्या माणसांची. तिच्यानंतर सकाळपर्यंत आत कुणी जात नाही. रेइनो सूप गरम करायला घराकडे गेला.

विझत्या भट्टीची वाफ सौम्य असेल, तेवढी चालेल, असं आयलीच्या मनात आलं. लहानपणापासून तिचा शनिवार चुकला नव्हता. तिने दार उघडलं.

आत गारठा होता. तिचा श्वास धुरासारखा दिसत होता. दगडांना हात लावला, तर तेही गार. रेइनो नेहमी खालच्या बाकावर बसे. पण ओल वरच्या बाकावर होती. माणसं बसून उठावीत तशा दोन खुणा, एक रुंद, एक अरुंद. तिने बोट लावलं. पाणी गोठलेलं होतं.

शेजारचं लाकूड कोरडं होतं. तिथे तिने तळहात टेकला. ते उबदार होतं. कुणीतरी येणाऱ्यासाठी जागा धरून बसावं, तसं. हात पुढे सरकवला, तर लाकूड पुन्हा गार लागलं. आणि आणखी थोडं पुढे, पुन्हा उबदार.

आयली पाठ न फिरवता बाहेर आली.

जेवताना ती म्हणाली, मंगळवारी ऑपरेशन करून घेते. रेइनोने सुटकेचा श्वास टाकला.

"पण आधी तू छाती तपासून घ्यायचीस."

"मला काय धाड भरलीय? अजून एकटा लाकडं फोडतो मी."

आयली आपला तळहात चोळत राहिली. रेइनोने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पळी खाली ठेवली.

"आत गेली होतीस तू," तो हळूच म्हणाला.

"त्यांनी दोन जागा धरल्यात, रेइनो."

सोमवारी आयलीला दाखल करायला गेले, तेव्हाच त्याची तपासणी झाली. छातीवर सोनोग्राफीचं यंत्र धरणारी मुलगी बोलकी होती. तळ्यात यंदा मासा कसा लागतोय, ते विचारत होती. रेइनोही फुशारक्या मारत होता. बोलता बोलता तिचं वाक्य अर्धवट राहिलं. तिचा हात त्याच्या छातीवर जरा सरकला, पुन्हा त्याच जागी आला आणि तिथेच थांबला. मुलीने यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

रेइनोने बहिणीकडे पाहिलं.

"उद्या तू पुढे हो," तो म्हणाला. "मी आहेच मागून."