एक फोन बघायला, एक चावायला

रविवारी सकाळी अकरा वाजता पडद्यावर चारशे बारा चौकटी उघडल्या होत्या, आणि एक सोडून प्रत्येक चौकटीत कुणी ना कुणी फोन चावत बसलं होतं.

खोटं नाही. दोन्ही कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले आणि समोरच्या दातांत फोनची कड. हात कानांत अडकल्यामुळे फोन धरायला कुणाची सून उभी, कुणाचा नवरा. घरात दोन फोन लागत, एक बघायला आणि एक चावायला. ज्यांच्याकडे एकच होता ते शेजारी जाऊन बसले होते. पडद्याच्या मधोमध पांढऱ्या भिंतीसमोर, पांढऱ्या कपड्यांत नादगुरू विराजमान होते.

"बोटं घट्ट! जगाचा आवाज बाहेर ठेवा!" ते सांगत होते. "कान म्हणजे नुसते दरवाजे, मित्रांनो. तुमचे दरवाजे गंजलेत. पण मी दरवाजातून येतच नाही, मी थेट आत येतो! हा क्वांटम नाद आहे. पेशीन् पेशी जागी होते. हूंऽऽऽ..."

एका चौकटीतल्या निवृत्त बसचालकाने एकदम फोन तोंडातून काढला. "आलं! ऐकू आलं! देवळातल्या घंटेसारखं! सहा वर्षांनी हो, सहा वर्षांनी!" म्हातारा ढसाढसा रडायला लागला. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांचा पाऊस पडला.

एक चौकट मात्र काळी होती. तिचा कॅमेरा बंद होता आणि त्यामागे बसलेली बाई जळत होती.

तिला क्लबात सगळे कानताई म्हणत. ती श्रवणतज्ज्ञ होती. लोकांचे कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवायची हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. क्लबाचा नियम साधा होता: ज्याला जो हुन्नर येतो त्याने आठवड्यातला एक तास त्यातून समाजाला द्यायचा, घरबसल्या, पडद्यावरून. वकील कागद समजावून देई, नळदुरुस्तीवाला गळकी तोटी कशी बांधायची ते दाखवी, शिंपीणबाई जुने कपडे उसवून नवे करायला शिकवी. कानताई तीन वर्षं दर बुधवारी कानांबद्दल बोलत होती. तिच्याकडे सात माणसं येत. त्यातली दोन पडदा चालू ठेवून स्वयंपाकघरात जात, आणि कानताईला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत.

आणि हा नादगुरू! आला कधी, तर दीड महिन्यापूर्वी. अर्जातल्या 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'ध्वनिउपचारक' असं लिहिलं, आणि क्लबाच्या अध्यक्ष हेडबाई, म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्या शब्दावरच खूश झाल्या. दीड महिन्यात चारशे माणसं! कानताईने आकडा पुन्हा पाहिला. चारशे एकोणीस झाला होता. तिने नवऱ्याला सांगितलं, "हा माणूस फसवतोय."

"असेल," नवरा म्हणाला. "पण तू आकडे का मोजतेयस?"

तिने क्लबाच्या गटावर ताडकन लिहिलं, 'ही माणसं पढवून आणलेली आहेत. सहा वर्षांचा बहिरेपणा अकरा मिनिटांत जात नाही.'

हेडबाईंनी विचारलं, 'पुरावा?' पुरावा नव्हता. नळदुरुस्तीवाल्याने लिहिलं, 'ताई, तुमचा बुधवार नि त्यांचा रविवार... समजू शकतो आम्ही.' पुढे दात काढून हसणारा पिवळा चेहरा. त्यावर अठ्ठावीस जणांचे हसरे चेहरे. कानताईने रागारागाने मोजले, म्हणून आकडा नक्की सांगता येतो.

पुढच्या रविवारी तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. नादगुरूंनी मोठी करून दाखवलेल्या चौकटीत तिची आत्या होती. सख्खी. आईच्या माघारी जिने तिला वाढवलं ती. दातांत फोन, कानांत बोटं, आणि गालांवर पाणी. "ऐकू येतंय!" आत्या म्हणाली. "स्वच्छ येतंय! डोक्याच्या आतून येतंय!"

आत्याला कुणी पढवू शकत नाही. ती साध्या गमतीतही खोटं बोलत नसे. आत्याचे दोन्ही कान वाहत, पडद्यांना भोकं होती, आणि कान वाहतो म्हणून श्रवणयंत्रही बसवता येत नव्हतं. स्वतः कानांवर पोट भरणाऱ्या भाचीला आत्याच्या कानात ओरडूनच बोलावं लागे. उजव्या कानात तर हाड पोखरणारी कीड लागली होती आणि ती कानामागच्या हाडापर्यंत पोचली होती. शल्यचिकित्सकाने बजावलं होतं, उशीर केलात तर तोल जाईल, चेहरा वाकडा होईल, कीड मेंदूपर्यंतही जाऊ शकते. ऑपरेशन पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी ठरलं होतं.

"ऑपरेशन रद्द करते मी!" आत्या चारशे लोकांसमोर म्हणाली. नादगुरूंनी हात उंचावले. "चाकू नको! रोज रात्री दोन्ही कानांत चार चार थेंब नादतेल. बाटली घरपोच आली असेलच."

वाहत्या कानात तेल! कानताई पायांत चपला सरकवून तशीच निघाली.

आत्या दारातच उभी होती. हनुवटी वर केलेली. "माहीत होतं, येशील. गटावर काय लिहिलंस ते वाचलंय मी. मी पढवलेली आहे का गं?"

"नाहीस," कानताई तिच्या कानाशी ओरडली. "पण ते तेल घालू नकोस."

"इतकी वर्षं तू कान तपासतेस. मला एक शब्द धड ऐकवता आला का तुला? त्याने ऐकवला. आणि तू जळतेस."

"हो, जळते!" कानताईच्या तोंडून निघून गेलं. "खूप जळते! तीन वर्षं मी घसा फोडते आणि माझी स्वतःची आत्या माझ्याकडे न येता त्याच्याकडे जाते! जळू नको तर काय करू?"

आत्याने ते ओठांवरून वाचलं आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "बस," ती म्हणाली. "पाणी पी. मग मी तुला दाखवते, खरंच येतं की नाही ते."

तिने जपून ठेवलेला नादगुरूंचा 'हूं' लावला, फोनची कड दातांत धरली आणि बोटं कानांत घातली. तिचे डोळे भरून आले. नाटक नव्हतंच ते. भाची बघत राहिली, आणि एकदम उठून तिने स्वतःच्या फोनवर एक नंबर लावला आणि तो पुढे केला. "आता हा धर."

आत्याने धरला. ऐकता ऐकता भुवया वर गेल्या. फोन काढून ती म्हणाली, "कुणी बाई बोलतेय. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' हा कुठला मंत्र?"

"बँकेचा."

"बँकेनेसुद्धा बरं केलं मला?"

कानताईने कपाळावर हात मारून घेतला. दिवसातून दहा वेळा ती हेच करत होती! तपासणीला आलेल्या माणसाच्या कानामागच्या हाडावर ती नादकाटा टेकवायची. पोलादाचा दोन पायांचा तो काटा थरथरला की थरथर हाडातून थेट आतल्या कानात पोचते. बाहेरचा रस्ता मळाने तुंबलेला असो की पडदा फाटलेला असो, हाडाची वाट उघडीच असते. दातही कवटीच्या हाडातच रोवलेले. आणि बोटांनी कान बंद केले की हाडातून येणारा आवाज आणखी मोठा भासतो. पोराटोरांना समजावं असं होतं हे. पण पंधरा दिवस ती त्या माणसाचे प्रेक्षक मोजत होती. तो करतोय काय, हे तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

तिने सगळं कागदावर लिहून आत्यापुढे ठेवलं. आत्याने दोनदा वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, "म्हणजे मला ऐकू आलं ते खोटं?"

कानताई तिच्या कानाशी वाकली. "ऐकू आलं ते खरं. बरी झालीस ते खोटं. आणि आत्या, हाडातून इतकं स्वच्छ येतंय म्हणजे तुझा आतला कान धडधाकट आहे. बिघाड आहे तो बाहेरच्या रस्त्यात, आणि रस्ता दुरुस्त करता येतो. ऑपरेशन त्यासाठीच आहे."

नादतेलाची बाटली आत्याने टेबलावरच ठेवली, फेकली नाही.

घरी येऊन कानताईने गटावर लिहिलं, 'लोकांना मी खोटं ठरवलं ती माझी चूक. त्यांना खरंच ऐकू आलं. का आलं ते दाखवायला येत्या रविवारी पाच मिनिटं द्या.' चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला हेडबाई शाळेतही संधी देत असत. त्यांनी दिली. नादगुरू म्हणाले, 'सत्याला कसली भीती?'

रविवारी कानताई आत्याच्या घरूनच, तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. "एक स्टीलचा चमचा आणा," ती चारशे लोकांना म्हणाली, "आणि हातभर दोरा. दोऱ्याच्या मध्यावर चमचा बांधा. दोन्ही टोकं दोन बोटांना गुंडाळा. ती बोटं कानांत घाला, वाका आणि चमचा टेबलाच्या कडेवर आपटू द्या."

दोन मिनिटं नुसती धावपळ. एका चौकटीत चमच्यांवरून नवराबायकोची जुंपली. मग चौकटीचौकटीत माणसं वाकायला लागली.

"अगं बाई!" शिंपीणबाई ओरडली. "एवढुशा चमच्याची एवढी मोठी घंटा!"

"हाच तो क्वांटम नाद," कानताई म्हणाली. "दोऱ्यातून बोटांत, बोटांतून हाडात, हाडातून आतल्या कानात. फोन दातांत धरलात की तेच होतं. फोन काढला की संपलं."

नादगुरू हसले. कच्चा गडी नव्हता तो. "वा, वा! म्हणजे ताईंच्या चमच्यातही नादच आहे! जिथं आम्ही पूर्वीच पोचलो, तिथं विज्ञान आज धापा टाकत येतंय!" आणि काय सांगावं, पुन्हा जोडलेले हात पडायला लागले. कानताईच्या हातातला चमचा लटकत राहिला. इतकं समजावूनही माणसं त्याचीच!

तेवढ्यात आत्याने तिला बाजूला सारलं. "नादगुरू, तुम्ही मला बरं केलंत ना? मग मी आता फोन तोंडात धरत नाही. तुमच्याकडे पाठ करून बसते, म्हणजे ओठ दिसायला नकोत. मला एखादं काम सांगा. ऐकू आलं की करीन."

तिने खुर्ची फिरवली. पांढऱ्या केसांचा अंबाडा तेवढा पडद्यावर दिसत होता.

"उजवा हात वर करा," नादगुरू म्हणाले.

अंबाडा हलला नाही.

"आत्याबाई, उजवा हात!" आता मोठ्याने.

आत्या भिंतीकडे बघत शांत बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बोलले का?"

कानताई जिंकली होती, आणि तिला रडू येत होतं. तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. आत्याने वळून पडद्यावरचे चेहरे पाहिले. तिला उत्तर मिळालं.

"येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "आणि कान वाहत असेल तर कुणी ते तेल घालू नका."

"श्रद्धा कमी पडली की—" नादगुरूंनी सुरुवात केली, आणि त्यांची चौकट विझली. त्यांचा नाद पेशीन् पेशीत पोचत होता, पण इंटरनेट मात्र नेमकं तेव्हाच गेलं. ते परत आलेच नाहीत. हल्ली दुसऱ्या कुठल्याशा गटात डोळ्यांवर उपचार करतात म्हणे, नऊशे माणसं असतात. कानताईने तोही आकडा शोधून काढलाच.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी उजव्या कानात बसवलेला नवा पडदा धरला, भोक बुजलं, असं दिसलं, आणि एका बुधवारी आत्या स्वतः कानताईच्या सत्राला आली. बातमी पसरली होती, तीनशे माणसं जमली होती. आत्याने पाठ फिरवली, हेडबाईंनी हळूच नाव विचारलं, आणि आत्याने ते खणखणीत सांगितलं.

"माझ्या भाचीच्या हातात जादू आहे!" आत्या म्हणाली. "चमत्कार केला पोरीने!"

हातांचा पाऊस पडला. जोडलेले हात, फुलं, 'ताई, धन्य आहात.' कानताईने तो पाऊस अंगावर घेतला. काय गोड वाटलं तिला! तीन वर्षं, साडेतीन वर्षं याचसाठी तर ती जळत होती. गप्प बसली असती तर पुढच्या बुधवारी पाचशे आले असते, आणि तिला ते माहीत होतं.

तिने बटण दाबून आपला आवाज सुरू केला.

"आत्या, मी काही केलेलं नाही. शल्यचिकित्सकाने दोन तास कीड साफ केली आणि तुझ्याच कानाच्या कूर्चेची पातळ चकती काढून पडद्याच्या भोकावर बसवली. दहातल्या एकदोघांचा पडदा धरत नाही. तुझा धरला. डावा कान अजून तसाच आहे." आत्याचं तोंड जरा उतरलं, पण तिने मान हलवली. "बाकीच्यांनी मला हात जोडू नका. त्या माणसाला जोडले तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि मीसुद्धा नीट न बघताच त्याच्यावर आरोप केले. जळणारा माणूसही आंधळाच असतो. मी सांगते म्हणून मानू नका. चमचा बांधून बघा, पाठ करून बघा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. हे चमत्काराने झालं असतं तर माझ्या एकटीच्या हातात राहिलं असतं. हे शिकून येतं, म्हणून तुमच्या गावातला डॉक्टरही तेच करू शकतो."

चौकटी भराभर मिटायला लागल्या. चमत्कार नाही म्हटल्यावर कोण थांबतं? तीनशेचे साठ झाले, साठाचे बेचाळीस. कानताईला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. मग राहिलेल्यांपैकी एका बाईने घसा खाकरून विचारलं, "ताई, माझ्या सासूबाईंचा कान चार वर्षं वाहतोय. आधी कुठली तपासणी करून घेऊ?"

"कागद-पेन घ्या," कानताई म्हणाली. "सांगते."