‘जतन करा’ बटणाची कबुली

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. तुमच्या शर्टाला असतं तसलं नव्हे. मला ना भोकं, ना दोरा. ब्लॉग लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या वरच्या कोपऱ्यात मी राहतो. माझ्या अंगावर ‘जतन करा’ असं लिहिलेलं आहे. कुणी मला दाबलं की त्याचा मजकूर जपून ठेवायचा आणि ‘जतन झाले’ म्हणायचं, एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामात मी जे दिवे लावले, ते आज काहीही न लपवता सांगणार आहे.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. तिथल्या दंतवैद्यांना लिहिण्याची भारी हौस. एक रोगी खुर्चीतून उठून दुसरा बसेपर्यंत ते दोन-चार ओळी खरडायचे. रोगी दात न घासण्याची काय काय कारणं सांगतात, यावरचा त्यांचा अख्खा लेख एकदा वीज गेल्याने उडाला. त्या रागाच्या भरात त्यांनी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि सगळ्यात आधी मला बनवलं. मग आतला सगळा कोड त्यांनी जगासमोर उघडा ठेवला. कुणीही फुकट वापरा, चूक दिसली तर दुरुस्त करा. अट एकच: एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही.

लोक जमले. एक बेकरीवाला आला, बस चालवणाऱ्या एक बाई आल्या, पियानोचे सूर जुळवून देणारे एक आजोबा आले. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, पण भांडायचे सख्ख्या भावंडांसारखे. माझा रंग हिरवा असावा की निळा, यावर अकरा महिने वाद चालला. बेकरीवाला हिरव्यावर अडून बसला. आजोबांनी निळ्याच्या बाजूने सतरा पानं लिहिली. शेवटी मला राखाडी केलं. तो रंग कुणालाच आवडत नव्हता, त्यामुळे कुणी हरलं नाही. एवढी माणसं आपल्यासाठी भांडतात म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली होती.

पुढे बसवाल्या बाईंनी नवी सोय केली. लिहिता लिहिता मजकूर दर दहा सेकंदांनी आपोआप जतन होऊ लागला. मग माझी गरज काय? मला काढून टाकलं. दोन दिवसांत तक्रारींचा नुसता भडिमार! ‘बटण कुठे गेलं?’ ‘आता माझं लिखाण कोण सांभाळणार?’ समजावून समजावून मंडळी थकली आणि त्यांनी एक अफलातून तोड काढली. मला जागेवर परत बसवलं, पण आतली जोडणी केलीच नाही. कुणी दाबलं की मी नुसतं ‘जतन झाले’ म्हणायचं. कोडमध्ये माझ्या शेजारी बेकरीवाल्याने टीप लिहिली: ‘हे बटण काहीही करत नाही. काढू नका. लोक घाबरतात.’ आजोबांनी तो बदल तपासला आणि पास केला.

सुरुवातीला माझं मन मला खायचं. मग तेही अंगवळणी पडलं. सात वर्षं मी फुकटचा भाव खाल्ला.

दंतवैद्यांच्या बायकोची एक मावशी होती. छत्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका, आता निवृत्त. वॉर्डातल्या आठवणी ती ब्लॉगवर लिहायची आणि दर वाक्यानंतर मला दाबायची. मी ‘जतन झाले’ म्हटलं की म्हणायची, “शहाणं माझं बाळ ते!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

या मावशीचं आपल्या थोरल्या बहिणीशी, ताईशी, चार वर्षं बोलणं नव्हतं. आईचं शिलाई मशीन मावशीने न विचारता विकलं होतं आणि वर ‘गंजलं होतं’ म्हणून ठोकून दिलं होतं. ताई मात्र गुपचूप तिचा ब्लॉग वाचायची. ताईच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवशी सकाळी मावशी माफी लिहायला बसली. फोन करायला तोंड नव्हतं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तीन तास गेले. तिने पान उघडल्या उघडल्याच इंटरनेट बंद पडलं होतं आणि त्याच्याबरोबर आपोआप जतन होणंही मुकाट्याने थांबलं होतं. मावशीला याचा पत्ताच नव्हता. तिने मला चाळीसदा दाबलं. चाळीसदा मी म्हटलं, ‘जतन झाले.’ मग निश्चिंत मनाने पान बंद करून ती जेवायला गेली. तोवर इंटरनेट पुन्हा सुरू झालं होतं. परत येऊन बघते तर पान कोरं करकरीत!

तिने तडक दवाखान्यात फोन लावला.

“जावईबापू, माझं लिखाण कुठे गेलं हो?”

दंतवैद्य चाचरले. “मावशी, खरं सांगायचं तर... ते बटण काही करत नाही.”

“मग ‘जतन झाले’ कशाला म्हणतं?”

“लोक घाबरू नयेत म्हणून.”

“असं? वॉर्डात मी गोळी न देताच ‘दिली’ असं लिहिलं असतं तर?”

दंतवैद्यांनी दुपारच्या सगळ्या रोग्यांना उद्या बोलावलं आणि माझी जोडणी करायला बसले. तीनच्या सुमारास बदल तयार झाला. तपासणार कोण? त्यांनी मावशीचं नाव दिलं.

“त्यांना कोड येतो का?” बेकरीवाल्याने विचारलं.

“नाही. पण त्यांच्यापुढे डॉक्टर चळाचळा कापायचे,” दंतवैद्यांनी कळवलं.

मावशीने इंटरनेटची वायर उपटली, चार शब्द लिहिले आणि मला दाबलं. मी भीत भीत म्हणालो, ‘इंटरनेट बंद आहे. जतन झालेले नाही. पान बंद करू नका.’ मला वाटलं, आता ओरडा बसणार. मावशीने वायर लावली आणि शेरा लिहिला: ‘आता खरं बोलतं. आत घ्या.’

मग तिने ताईला पुन्हा लिहिलं. तीन तासांचं नाही, चारच ओळी. ‘ताई, मशीन गंजलेलं नव्हतं. जागा अडते म्हणून विकलं आणि तुझ्याशी खोटं बोलले. चुकलं माझं. फोन कर.’ तिने मला दाबलं. मित्रांनो, सात वर्षांनी मी एकेक अक्षर खरोखर उचलून जागेवर ठेवलं आणि मगच तोंड उघडलं.

लेख प्रसिद्ध झाला. तासाभरात खाली ताईची प्रतिक्रिया आली: ‘गंजलं नव्हतं हे मला माहीत होतं. दर महिन्याला तेल मीच घालायचे.’ आणि पाठोपाठ फोन वाजला.

मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनवणी आहे. ज्याची गरज संपली, त्याला सरळ निरोप द्या. त्यालाही वाईट वाटेल, पण तो सावरेल. मात्र कुणाचे हात काढून घेऊन त्याला ‘झालं, झालं’ म्हणायला बसवू नका. त्याच्या शब्दावर विसंबून कुणीतरी निर्धास्तपणे जेवायला गेलेलं असतं.