धारेवरचा उजेड

"ही कुऱ्हाड बोथी हाय," बाबा माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाले.

दोन दिवस मी त्या कुऱ्हाडीशी झुंजत होते. बत्तीस आडवे, बत्तीस उभे चौकोन, पडदाभर मोठे केलेले. त्यात एक हत्यार रंगवायचं. मोबाइलच्या गेमसाठी अशी चित्रं काढायला मी ऑनलाइन शिकत होते. कड काळी नको, लोखंडाच्याच रंगाची पण गडद घ्या. उजेड वरून डावीकडून येतो असं धरा. धारेवर पांढरी रेघ मारा, म्हणजे पातं चमकेल. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं, तरी म्हणे बोथट.

तसे बाबा हल्ली सगळ्यांनाच नापास करत होते. चाळीस वर्षं नवेगाव बांधच्या लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडींना त्यांनीच धार लावली. यंदा मात्र मुकादम भैय्यालालकाकांनी कटाईला धार लावायला दुसराच माणूस नेला. "उद्या जाऊन विचारतोच त्याले, कायले टाळून राहिला मले म्हणून," हे आठवडाभर चाललं होतं.

"काऊन बोथी?" मी चिडून विचारलं.

"ही पांढरी रेघ पाय. खऱ्या धारेवर उजेड बसत नाई, बसाले जागाच नसते. कच्चे लोक अंगठा लावून पायतात. मी उजेडावर पायतो. थांब, दाखवतो."

त्यांनी स्वतःची कुऱ्हाड आणली. सकाळीच तासभर दगडावर घासली होती. अंगणातल्या उन्हात धार वर करून त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"पाय. हाय का कुठं उजेड?"

मी पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ होती, माझ्या चित्रातल्याहून जाड. बाबा वीतभर अंतरावरून तिच्याकडेच बघत होते आणि खुशीत होते. भैय्यालालकाका का टाळत होते ते मला तेव्हा कळलं. एका घरात राहून मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना दिसलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"बोल ना. हाय का?"

खोटं बोलायचं ठरवलं, पण माझी नजर पुन्हा त्या रेघेवरच गेली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच धारेवर अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"किती हाय?"

"पूर्ण, बाबा."

त्यांनी कुऱ्हाड भिंतीशी उभी केली, पातं भिंतीकडे करून. हात धोतराला पुसले आणि माझ्याजवळ खाटेवर येऊन बसले.

"भैय्यालालकडे नाई जात मी उद्या," ते म्हणाले. मग लॅपटॉपकडे बोट करून, "तुझी तरी नीट कर. पूस थे रेघ."

मी एकेक पांढरा चौकोन पुसू लागले. बाबा पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेली का?"

"अजून तीन हायेत, बाबा."